जेवणाच्या सुट्टीतले पाणी

२ मे, गुरुवार

आज नव्या घरात आले. दोन खोल्या, वर पोटमाळा, मागे भाजीचा वाफा आणि दारासमोर कालवा. आधीच्या माणसाने वाफ्यात मुळे पेरून ठेवले होते. ते मीच खाणार आहे, आणि मला त्याबद्दल अजिबात वाईट वाटत नाही. माझ्यासारख्या बाईने असे म्हणणे ही मोठीच प्रगती आहे.

वीस वर्षे दिजोंच्या शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर नद्या काढल्या, मुलांना कालवे पाठ करायला लावले. आता शेहेचाळिसाव्या वर्षी एका कालव्याचे दरवाजे उघडायची आणि लावायची नोकरी धरली आहे. बहीण फोनवर म्हणाली, तू तुझ्याच धड्यात राहायला गेलीस.

माझ्या वाट्याला पाच लॉक आहेत. घर त्यातल्या शेवटच्या, खालच्या लॉकला लागून. काठावर वाळुंजाची झाडे आहेत म्हणून सगळे त्याला वाळुंजाचे लॉक म्हणतात. घराच्या कालव्याकडच्या भिंतीत दोन्ही कोपऱ्यांना जाडजूड लोखंडी कड्या आहेत. पूर्वी बोटी ओढणारे घोडे तिथे बांधत. मी त्यांच्यावर जिरेनियमच्या कुंड्या टांगल्या आहेत.

संध्याकाळी दार उघडे टाकून जेवले. पाणी इतके स्थिर होते की झाडे खाली आहेत की वर, कळू नये.

६ मे, सोमवार

माझ्या खालच्या टप्प्याचा लॉकवाला मार्सियल मला काम शिकवतो. साठीचा आहे, मिशीत तंबाखूचा वास, आणि मला एदविज या नावाने हाक मारायची नाही असे त्याने ठरवलेले दिसते. मी ‘मास्तरीणबाई’.

काम सोपे आहे, पण क्रम चुकवून चालत नाही. लॉक म्हणजे दगडी हौद, दोन्ही टोकांना दरवाजे. खाली जाणारी बोट भरलेल्या हौदात येते. तिच्यामागे वरचे दरवाजे लावायचे. मग खालच्या दरवाजातली झडप हँडल फिरवून उचलायची. पाणी खालून निघून जाते, बोट उतरत उतरत खालच्या पातळीला येते, मग दरवाजे उघडायचे. हँडलला दातेरी चाक आहे. एकेक दात पुढे सरकला की टक् असा आवाज होतो. झडप जिथे सोडाल तिथे अडकून राहते.

एक गोष्ट मार्सियलने पुन्हा पुन्हा सांगितली. पाणी उतरत असताना बोटीचा दोर काठावरच्या खुंटाला बांधायचा नाही. नुसता वेढा द्यायचा आणि हाताने ढील देत राहायचे. बांधला, तर पाणी खाली जाते आणि बोट दोरावर लटकते. तिरकी होते. मग काय होते ते मी विचारले. तो म्हणाला, ते बघायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

१४ मे, मंगळवार

आज बोलणी खाल्ली. चर्चची बाराची घंटा झाली तेव्हा एक डच कुटुंब हौदात होते. लहान मुले रडत होती. मी म्हटले, पाच मिनिटांचे काम, आणि त्यांना उतरवले. बातमी मार्सियलपर्यंत कशी पोचली कोण जाणे. दुपारी मोपेडवरून आला.

बारा ते एक हा जेवणाचा तास आमच्या आधीच्या लोकांनी भांडून मिळवला आहे, असे त्याने मला सुनावले. एकाने भलेपणा दाखवला की पुढच्या बोटीला वाटते, आपला हक्कच आहे. मग कुणालाच गरम जेवण मिळत नाही. शेवटी थोडा नरमला.

“मास्तरीणबाई, घंटा झाली की हात थांबला पाहिजे. पाणी कुठे पळून जात नाही.”

मला लाज वाटली. कणव म्हणून केलेली गोष्ट दुसऱ्याच्या ताटातून जाते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. यापुढे नियम पाळीन.

२३ मे, गुरुवार

इथे तरी क्रमाने आणि खरे लिहायचे आहे.

सकाळी माझ्या पहिल्या लॉकवर एक छोटी पांढरी बोट आली. लिलहून आलेले नवरा-बायको, दोघेही सत्तरीचे. ओडेट आणि लुसियें व्हर्मेल. आज एकच बोट होती, त्यामुळे मी सायकलवरून त्यांच्या पुढे पुढे जात एकेक लॉक उघडून देत होते. इतकी सुंदर सकाळ मी या काठावर पाहिली नव्हती. शेतांवर पिवळी मोहरी, पाण्यावर झाडांची सावली, आणि बोट माणसाच्या चालीने चाललेली.

दुसऱ्या लॉकवर त्यांनी मला कॉफी दिली. तिसऱ्यानंतर लुसियें म्हणाले, सायकल छपरावर टाका आणि या आत. मी गेले. त्यांनी सुकाणूचे चाक माझ्या हाती दिले. मी बोट काठाच्या लव्हाळ्यात घातली. ओडेट हसत म्हणाली, भूगोलवाल्यांना किनारा फार आवडतो. लुसियें म्हणाले, माझ्यापेक्षा बरी चालवते, मी तर काल पुलाला धडकून आलो.

ते रेल्वेत सिग्नल सांभाळत. आयुष्य घड्याळावर गेले. निवृत्त झाले त्या दिवशी मनगटावरचे घड्याळ काढून त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकले. जिथे पट्टा असायचा तिथली कातडी अजून पांढरी होती. मला दाखवली. आता कशाचीच घाई करायची नाही, असे त्यांचे ठरलेले. ओडेटला मात्र घाई होती. खालच्या गावात चांगली बेकरी आहे आणि ती दुपारी बंद होते, असे तिने वाचले होते. तिने दोन-तीनदा टोकले. तुमच्या गतीने गेलो तर पावाचा चुराच हाती लागेल, म्हणाली. ते शीळ घालत राहिले.

वाळुंजाच्या लॉकवर आलो तेव्हा बारा वाजतच आले होते. बोट हौदात आली. मी वरचे दरवाजे लावले. खालच्या दरवाजाकडे गेले, हँडल लावले, फिरवू लागले. टक्, टक्. तेवढ्यात चर्चची घंटा झाली.

मी हात थांबवला.

मी परत त्यांच्याकडे आले आणि सांगितले की आता एक वाजता. ओडेट म्हणाली, अहो, दोन मिनिटांचे काम. मी नियम सांगितला. लुसियें म्हणाले, बरोबर आहे बाईंचे, जेवू दे त्यांना, आपण इथेच थांबू. मी त्यांना म्हटले, दोर पक्का बांधून टाका, तासभर पाणी हलणार नाही. मीच म्हटले. त्यांनी पुढचा आणि मागचा, दोन्ही दोर खुंटांना आवळून बांधले. ओडेट माझी सायकल घेऊन बेकरीकडे निघाली. ते म्हणाले, ती येईपर्यंत जरा पडतो.

मी घरात आले. काल उरलेली मसूर गरम केली. रेडिओ लावला.

झडप दोन दात उघडी होती. मी ती खाली सोडली नव्हती.

जेवून बाहेर आले तेव्हा हौद अर्धा रिकामा झाला होता. बोट एका कुशीवर दोरांना लटकलेली, तिची एक कड पाण्याखाली, आणि खिडक्यांतून पाणी आत चाललेले. मी धावले. आधी झडपेकडे धावले आणि ती खाली सोडली. पाणी थांबवायलाच गेले होते. हँडल हातात असतानाच माझ्या मनात आले की हे कुणी पाहिले नाही. दोन्हींत पहिले काय होते ते मला आता सांगता येत नाही. मग मी हाका मारल्या.

केबिनचे दार पाण्याच्या दाबाने आतून उघडले नसणार. असे नंतर अग्निशमनवाले म्हणाले.

ओडेट आली तेव्हा तिच्या टोपलीत दोन पाव होते.

२४ मे, शुक्रवार

जबाब दिला. पोलीस अधिकारी तरुण आहे, सभ्य आहे. झडप बंद होती का? मी आले तेव्हा मी ती बंद केली, असे सांगायला तोंड उघडले. त्याआधीच त्याने विचारले, बोटवाले कधी स्वतःच हँडल फिरवतात का?

मी म्हटले, कधी कधी फिरवतात.

हे खरे आहे. मार्सियलने मला सांगितले होते की उतावळे लोक असे करतात. मी खोटे बोलले नाही. उरलेले वाक्य त्याचे त्यानेच पूर्ण करून लिहून घेतले, आणि मी सही केली.

बारा वाजता जेवायला बसले. घंटा झाली आणि वाडग्यातले सूप एका बाजूला झुकले. कालव्याच्या उलट बाजूला. सांडले नाही, नुसते तिरके राहिले. टेबलाचा पाय आखूड असेल. खाली पुठ्ठ्याची घडी घातली.

२६ मे, रविवार

पुठ्ठ्याने उपयोग झाला नाही. आज फळीवरचे पेअर घरंगळले. बारानंतर. एक वाजता सगळे पुन्हा सरळ.

मी स्वतःला धारेवर धरले आहे. झोप नाही, धक्का बसला आहे, कानामुळे तोल जात असेल. डॉक्टरांकडे जायला हवे. पण मग ते विचारतील, काही मनावर आहे का.

ओडेट गावातल्या खानावळीच्या वरच्या खोलीत उतरली आहे. लुसियेंचा देह लिलला नेण्याची परवानगी शनिवारी मिळेल. तोवर ती रोज सकाळी इथे येते, हौदाच्या काठावर बसते. बोट उचलून नेली आहे. ती पाण्याकडे पाहत बसते. मी कॉफी नेऊन देते. ती माझे आभार मानते.

२८ मे, मंगळवार

आज मुद्दाम मार्सियलला जेवायला बोलावले. सॉसेज आणि बटाटे केले. त्याच्या मनात काही शंका नाही. असली माणसे दर काही वर्षांनी निघतात, म्हणाला, हँडल बघितले की हात शिवशिवतो. वाईट वाटते, पण स्वतःच्या हाताने ओढवून घेतले.

घंटा झाली. माझा पेला सरकला आणि टेबलाच्या कडेशी जाऊन थांबला. त्याचा पेला जागेवर. वाइन सपाट. मी खुर्चीला घट्ट धरून बसले होते. तो माझ्याकडे बघत राहिला.

“काय हो मास्तरीणबाई, बोटीवर बसल्यासारख्या काय बसलाय?”

मग हसला. मीही हसले.

बाहेरून आवाज आला. टक्. मी विचारले, ऐकलेत का? त्याने काहीच ऐकले नव्हते.

तो गेल्यावर झडप बघितली. खाली, बंद. साखळी घालून कुलूप लावले. हौदाच्या भिंतीवर दगडांची एक ओळ नुकतीच ओली होती, पाणी उतरून पुन्हा चढल्यासारखी.

२९ मे, बुधवार

आज ओडेट मनातले बोलली. मी तिच्याजवळ काठावर बसले होते, पावणेबाराची वेळ. ती म्हणाली की तिला पोलिसांचे आधी पटले नव्हते. चाळीस वर्षे ज्याने लाल दिवा असताना पाऊल पुढे टाकले नाही तो माणूस दुसऱ्याच्या हँडलला हात लावणार नाही. मग रात्री पडल्या पडल्या तिला कळले.

“मी पावासाठी कटकट केली ना गं सकाळभर. म्हणून. मी परत येईस्तोवर खाली उतरून ठेवावं, बायको खूश होईल. एवढंच असेल त्याच्या मनात. माझ्यामुळे घाई केली त्याने. जन्मात पहिल्यांदा.”

तिने हे सहज सांगितले. खूप विचार करून हाती आलेले उत्तर सांगावे तसे.

मला वाटले होते, मी एका मेलेल्या माणसावर दोष ढकलला, त्याला आता काय त्याचे. दोष त्याच्यावर थांबलाच नाही. उतारावरच्या पाण्यासारखा तिच्यापर्यंत गेला.

मी म्हटले, ओडेट, तुम्हाला काही सांगायचे आहे.

तिने माझ्याकडे पाहिले. घंटा झाली.

मी म्हटले, आधी दोन घास खाऊन घेऊ.

मी असे का म्हटले? एका वाक्याचे काम होते. आम्ही आत जाऊन जेवलो. तिच्या ताटाखालचे टेबल सरळ होते. माझ्याकडचे इतके कलले होते की मला पाय भिंतीला टेकवावे लागले. तिने विचारले, कंबर दुखते का. मी हो म्हटले. एक वाजता ती पडायला खानावळीवर गेली.

३० मे, गुरुवार

बरोबर आठवडा.

आज घरात थांबले नाही. बारा वाजता हौदापाशी उभी राहिले. पाणी हलले नाही. साखळी तशीच. मला हायसे वाटले. मग मागे वळून घराकडे पाहिले.

घर तिरके होते. कालव्याकडची भिंत वर उचललेली, जणू त्या दोन कड्यांना दोर बांधून कुणी ते टांगले आहे आणि खालची जमीन हळूहळू उतरते आहे. कुंड्या गळून पडल्या होत्या. दोर दिसत नव्हते. करकर ऐकू येत होती, ताणलेल्या ओल्या दोराची.

एकनंतर कड्या हाताने चाचपल्या. ओल्या. जिथे गंज होता तिथे घासून चकचकीत झालेले लोखंड.

घर सोडून बहिणीकडे जाता येईल. गाडी दुपारची आहे. पण मग ओडेट—

गेले तर मी पळाले. राहिले तर—

सांगितले पाहिजे. दुसरा मार्ग नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

३१ मे, शुक्रवार

सकाळी ठरवून गेले. खानावळीपर्यंत गेले. ती न्याहारीला बसली होती, समोर दोन कप. एक उपडा. मी तिच्या सामानाबद्दल बोलले. गाडीच्या वेळेबद्दल बोलले. म्हटले, उद्या निघण्याआधी लॉकवर या.

भित्री. भित्री. शाळेत मुलांना सांगत होते, चूक कबूल केली की गुण कापले जात नाहीत.

दुपारी फरशी इतकी— कपाट सरकले. खालच्या कोपऱ्यात पाणी. बादलीभर. चव घेतली. कालव्याचे.

एक वाजता कोरडे.

झडपेचे दात मोजले नाहीत. ऐकू येतात. रोज पुढे जातात.

उद्या. ती आली की दारातच. नमस्काराच्या आधी.

१ जून, शनिवार

सकाळ. लिहून ठेवते म्हणजे फिरता येणार नाही. तिला सांगायचे वाक्य हे: झडप मी उघडी ठेवली. तुमच्या नवऱ्याने हात लावला नव्हता. तुमच्यामुळे काही झाले नाही.

बस्स. एवढेच. मग पोलीस, मार्सियल, जे होईल ते.

मार्सियल तिला स्टेशनवर सोडणार. जाताना इथे थांबतील.

उशीर होतो आहे त्यांना.

काठावर बसून लिहिते आहे. आत जाणार नाही. बारा वाजायला आले. गाडीचा आवाज. आले. वळणावर दिसते आहे गाडी. तिचा निळा रुमाल—

तिच्यासाठी मुळे काढून ठेवले होते. ओट्यावर राहिले. घेऊन येते, एक क्षण—

आत आहे. मी का आत आले. घंटा—

दार लागले. आपोआप. दार आता वर आहे, छतासारखे. हात पोचत नाही. टेबलाला धरून

ती बाहेर आहे. थाप मारते आहे. एदविज, म्हणते आहे, आहात ना. मी ओरडले. पूर्ण वाक्य. झडप मी उघडी ठेवली. तीनदा ओरडले. मार्सियल तिला काहीतरी सांगतो आहे. हसून. नियमाचे काहीतरी.

तिचा आवाज, अगदी दाराशी. मऊ.

“जेवत असाल. जेवून घ्या हो सावकाश. मला घाई नाही. आम्ही गाडीत बसतो, एक वाजता येते.”

ओडेट नाही आत्ता ऐका तुम्ही नव्हता त्याने नाही

पावले गेली.

टक्

पाणी खिडकीतून. गार. गुडघ्या— दोर करकरतो आहे, एक तुटला— वही वर धरली आहे, ही तिला द्या, पहिले पान नको, तेवीस तारखेचे. तेवीस. कुणीतरी ढील द्या— लुसियें, ढील